डोळे मिटून पाहिलेला सिनेमा

आमची आत्या सिनेमाला जायची आणि दिवे मालवले की डोळे मिटून घ्यायची. पहिल्यांदा मी तिच्यासोबत गेले तेव्हा मला वाटलं, म्हातारी दमली, झोपली. तिची मान हळूच माझ्या खांद्यावर टेकवायला गेले, तर ती डोळे न उघडता म्हणाली, "मी ऐकतेय. तू तुझं बघ."

मध्यंतरात तिने डोळे उघडले, चष्म्याच्या घरातून राजगिऱ्याची वडी काढून अर्धी मला दिली आणि म्हणाली, "हीरो चांगला दिसत असणार. नाहीतर इतकं वाईट बोलणाऱ्याला कोणी काम दिलं नसतं." चष्म्याच्या घरात चष्मा नसायचा. डोळे मिटूनच बसायचं तर चष्मा कशाला, आणि थिएटरवाले बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण चष्म्याचं घर कोणी उघडून बघत नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

ती माझी कोणी लागत नव्हती. मी कऱ्हाडची. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत जाहिरातीचं काम मिळालं, राहायला जागा मिळेना, तेव्हा ऑफिसातल्या एकीने हिचं नाव सुचवलं. काळाचौकीच्या चाळीत दीड खोली, खालच्या मजल्यावर, अगदी दरवाजाशेजारी. ती त्याच चाळीत जन्मली, तिथेच वाढली आणि लग्न न केल्यामुळे तिथेच राहिली. त्यामुळे चाळीतल्या पोरांची ती आत्या, त्या पोरांच्या पोरांचीही आत्या, आणि दूध टाकणाऱ्या भय्याचीसुद्धा आत्याच. मी पहिल्या दिवशी "तुम्ही, तुम्ही" करत होते, तर म्हणाली, "मी काय बँकेची मॅनेजर आहे? आत्याला तू म्हणतात." मग मीही तू म्हणू लागले.

लग्न का नाही केलंस, असं मी एकदा विचारलं होतं. नव्या माणसाने विचारू नये ते मी नेहमी लवकर विचारते. ती म्हणाली, "फोनवर इतक्या नवऱ्यांना बायकांशी बोलताना ऐकलं, की हौस फिटली."

कारण आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीच्या बोर्डावर तिने सगळी नोकरी काढली. आलेला फोन घ्यायचा, कोणाला हवाय ते ऐकायचं, जोडून द्यायचा. साहेब समोर बसून चहा पीत असले तरी "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं गोड आवाजात सांगायचं. "खोटं कसं बोलतात ते मला कोणी शिकवू नका," ती म्हणायची, "मी त्याचा पगार घेतलाय." तिच्या मते माणसाचा चेहरा सगळ्यांना फसवतो, आवाज फार तर दोन वाक्यं फसवू शकतो. म्हणून सिनेमा कानाने पाहायचा. नटाने रडताना ग्लिसरीन घातलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं.

आता ही हौस घरातच राहिली असती तर ती एका म्हातारीची सवय म्हणून खपून गेली असती. पण आमच्या चाळीच्या दारात मंडळाचा फळा होता. पाणी कधी जाणार, मीटिंग कधी, कोण वारलं, कोणाच्या मुलाला नव्वद टक्के मिळाले, हे सगळं त्याच्यावर. खालचा उजवा कोपरा आत्याचा. तो तिला कोणी दिला हे कोणालाच आठवत नव्हतं. दर शुक्रवारी सकाळचा पहिला शो, आणि शनिवारी सकाळी त्या कोपऱ्यात वर "मत" असं लिहून खाली तीन-चार ओळी. अक्षर मोत्यासारखं, मजकूर खड्यासारखा. तारे-बिरे ती देत नसे. म्हणायची, "तारे द्यायला मी काय आकाशात राहते? खाली राहते, दाराशेजारी."

एका ऐतिहासिक सिनेमाबद्दल तिने लिहिलं होतं: "सर्वजण फार ओरडतात. इतके ओरडत असते तर गनिमाला आधीच कळले असते." एका मोठ्या माणसाच्या चरित्रपटाबद्दल: "माणूस तेराव्याच्या जेवणावळीत जेवढा चांगला असतो, तेवढाच यात चांगला आहे." एका प्रेमकथेबद्दल नुसतं: "मध्यंतरापर्यंत पाहावा. पुढे आपापला करावा." आणि एका छोट्याशा सिनेमाबद्दल, जो आमच्याजवळच्या थिएटरात आठवडाभरही टिकला नाही, तिने लिहिलं होतं: "यात एक बाप मुलीला फोनवर 'जेवलीस का' एवढेच विचारतो. त्यासाठी जावे." त्या शनिवारी चाळीतली बरीच मंडळी खरंच गेली आणि परत येऊन आपापल्या मुलींना फोन करत बसली. मीही कऱ्हाडला फोन लावला. बाबा म्हणाले, "काय गं, बरी आहेस ना?"

या फळ्यावरचा सगळ्यात गाजलेला किस्सा मी येण्याआधीचा, पण मला तो इतक्या जणांनी सांगितला आहे की मी हजर होते असंच वाटतं. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा वारले. नव्वदी पार केलेली, कित्येक वर्षं अंथरुणावर. मंडळाच्या पोराने घाईघाईत निधनाची बातमी नेमकी खालीच लिहिली, आत्याच्या "मत"च्या डोक्यावर. मध्ये रेघ मारायला विसरला. सकाळी लोक पाणी भरायला उतरले तर फळ्यावर वाचतात: आजोबांचं दुःखद निधन, आणि लगेच खाली, "मत: फार लांबले. शेवट बराच आधी व्हायला हवा होता. तरी सर्वांनी मेहनत घेतली आहे." पोरं हसू दाबत पळाली, मोठी माणसं फडकं शोधू लागली. तेवढ्यात आजोबांची सून कळशी घेऊन आली. ती वाचून म्हणाली, "असू द्या, पुसू नका. खोटं काय आहे त्यात?" त्या सुनेने सासऱ्याचं सगळं केलं होतं. आत्या म्हणायची, माझं कुठलंच मत इतक्या मोठ्या अधिकारी माणसाने वाखाणलेलं नाही.

माझ्या धंद्याशी आत्याचं वाकडं. आमचं ऑफिस नव्या सिनेमांची प्रसिद्धी करायचं. मी मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिरातींचे मजकूर लिहायचे: हृदयस्पर्शी, काळजाला भिडणारा, डोळ्यांच्या कडा ओलावणारा. संध्याकाळी मी घरात पाय टाकला की आत्या विचारायची, "काय, आज कोणाकोणाच्या काळजाला भिडलीस?" मी चिडायचे. म्हणायचे, "आत्या, लोकांना सांगावं लागतं गं, नाहीतर कोण जाणार?" त्यावर तिचं म्हणणं असं, की जेवायच्या आधीच ढेकर कसा आला म्हणून सांगितलं तर माणसाची भूक मरते.

बाकी जगाबद्दलही तिची मतं तयार असायची, फक्त त्यांना फळा नव्हता. वेब सिरीजबद्दल: "साखरपुड्याला बोलावतात आणि बारशापर्यंत उठू देत नाहीत." चाळीतल्या एका जोडप्याने लग्नाआधी अलिबागला जाऊन किनाऱ्यावर धावतानाचा व्हिडिओ काढून आणला, तो पाहून म्हणाली, "आत्ताच धावून घेतायत ते बरं. पुढे दोघं वेगवेगळ्या दिशांना धावतील तेव्हा कोणी शूटिंगला येत नाही." पार्श्वसंगीत तिला बिलकूल खपत नसे. नट नीट बोलत असताना मागून व्हायोलिनं वाजायला लागली की ती डोळे मिटलेलेच ठेवून मोठ्याने म्हणायची, "अरे वाढा, वाढा अजून, आम्ही नाही म्हणणार नाही." पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची. मी दुसरीकडे बघायचे.

पण तिचा खरा राग होता तो कंपन्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावर. गॅसची तक्रार असो की वीजबिलाची, फोन लावायचा तो तिनेच. "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है," ती बाई म्हणाली रे म्हणाली की आत्या म्हणायची, "महत्त्वाचा असता तर उचलला असतास." मग संगीत वाजायचं, आत्या थांबायची. शेवटी एखादं जिवंत पोरगं लाइनवर आलं की तक्रार राहायची बाजूला. "बाळ, दमलायस तू. पाणी पी आधी. मी थांबते." एकदा पलीकडचा मुलगा खरंच पाणी पिऊन आला आणि मग त्याने त्याच्या ऑफिसच्या सगळ्या तक्रारी आत्यालाच सांगितल्या. आमचा गॅस दुसऱ्या दिवशी आला. ही बाई दुसऱ्याचा आवाज ऐकायची म्हणजे खरोखर ऐकायची. मी तिच्याकडे राहिले त्या काळात मला सर्दी होणार हे माझ्याआधी तिला कळायचं, आणि माझं जमवलेलं लग्न मोडणार हेही. तिने तेव्हा काही म्हटलं नाही, फक्त त्या आठवड्यात रोज माझ्या आवडीची काळ्या वाटाण्याची उसळ केली. आत्या आता नाही. मला तिची आठवण येते ती शुक्रवारी नव्हे, फोनवर कोणी "मी मजेत" म्हणालं की येते.

आत्याची मैत्रीण एकच, पहिल्या मजल्यावरच्या इंदूताई. मालवणकडून लग्न होऊन त्या या चाळीत आल्या, आणि आत्या चाळीची लेक म्हणून तिला "वन्सं" म्हणू लागल्या, ते सत्तरीपर्यंत. इंदूताई म्हणजे हसणं. जिन्यात हसल्या तर दारापर्यंत ऐकू यायचं. त्यांचा नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि तो घरात बसला तो बसलाच. नंतर पिऊ लागला. आत्या सांगायची, एकदा त्याने जेवणाचं ताट गॅलरीतून खाली फेकलं, तर इंदूने पाठोपाठ भाताचं पातेलं फेकलं आणि म्हणाली, "आता उपाशी रव्हा दोघांनी." त्याच वर्षी गणपतीत बायकांचं नाटक होतं. चाळीत निम्म्या घरांत पगार नव्हता, नाटक करावं की नाही अशी चर्चा चाललेली. इंदूने कोळशाच्या मिशा काढल्या, सावकाराचं काम केलं आणि सगळ्या चाळीला असं हसवलं की माणसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "त्या वर्षी ही चाळ जगली ती इंदूच्या जिवावर," असं आत्या मला अनेकदा म्हणाली आहे.

इंदूताईंचा मुलगा निनाद. गिरणी बंद पडली तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. मोठा होऊन मालिकांच्या सेटवर पडेल ते काम करत राहिला, गोरेगावला बिऱ्हाड केलं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने स्वतःचा पहिला सिनेमा काढला. आईवर. गिरणगावातली एक आई. चाळीच्या दाराला मोठा बॅनर लागला, मंडळाने पहिल्या दिवशीचा अख्खा शो राखून ठेवला, आणि रविवारी संध्याकाळी मायलेकांचा सत्कार ठरला.

शुक्रवारी आम्ही सगळे गेलो. बायकांनी लग्नातल्या साड्या काढल्या होत्या. इंदूताई मध्ये, एका बाजूला आत्या, आत्याशेजारी मी. दिवे मालवले, आत्याने डोळे मिटले.

सिनेमा वाईट नव्हता, हे मी धंद्याची माणूस म्हणून सांगते. चाळ हुबेहूब होती. आईचं काम एका नावाजलेल्या नटीने केलं होतं आणि ती रडत होती. नवरा ओरडला की रडायची, पोराला निजवताना रडायची, दिव्यासमोर बसून रडायची. थिएटरात हुंदके सुरू झाले. माझ्याही डोळ्यांच्या कडा, जाहिरातीत असतात तशाच, ओलावल्या. आणि मध्येच मी पाहिलं तर आत्याचे डोळे उघडे. ती पडद्याकडे बघत नव्हती. मान वळवून इंदूताईंकडे बघत होती.

बाहेर आल्यावर जो तो इंदूताईंच्या गळ्यात पडला. "केवढं सोसलंत हो!" ज्या पोरींना त्यांनी आयुष्यभर टपल्या मारल्या त्या पोरी त्यांच्या पाया पडल्या. इंदूताई "होय गो, होय गो" म्हणत होत्या आणि त्यांचे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. टॅक्सीत त्या आत्याला म्हणाल्या, "वन्सं, तुमका कसो वाटलो पिक्चर?"

"उद्या फळ्यावर," आत्या म्हणाली. फळ्याआधी मत सांगायचं नाही हा तिचा नियम होता. तो तिने माझ्यासाठी कधी मोडला नव्हता आणि इंदूताईंसाठीही मोडला नाही.

संध्याकाळी घरात मात्र ती धुमसत होती. मी म्हटलं, "आत्या, घरचा मुलगा आहे. मनापासून केलाय, एवढं लिही की."

"मनापासून केलेले पोहेही करपतात."

"पण इंदूताईंना काय वाटेल?"

"तेच तर!" ती एकदम माझ्याकडे वळली. "अगं, आज अख्खी चाळ त्या रडक्या बाईच्या पाया पडून आली. इंदूच्या नाही पडली. उद्या इंदू गेली की लोकांना पडद्यावरचीच आठवणार. माझ्या डोळ्यांदेखत माझी मैत्रीण पुसली जातेय आणि मी काय लिहू, हृदयस्पर्शी?" तो शब्द मी त्या आठवड्यात दोनदा लिहिला होता.

शनिवारी सकाळी फळ्यावर होतं:

"मत: चाळ खरी आहे. आई खोटी आहे. आमच्या इंदूला ती नवरी म्हणून आली तेव्हापासून मी ऐकते आहे. गिरणी बंद पडली त्या वर्षी या चाळीत सर्वांत मोठ्याने हसणारी तीच होती. ते हसणे या सिनेमात कुठेच नाही. मग ही कोणाची आई?"

तासाभरात दारात गर्दी. मंडळाचा अध्यक्ष, ज्याला आत्या त्याच्या मिशा पिकल्या तरी पप्याच म्हणायची, हातात डस्टर घेऊन आला. "आत्या, काय हे यार? उद्या सत्कार आहे. पाहुणे येणारेत, इथनंच आत जाणार. लोक काय बोलतील?"

"वाचतील आणि बोलतील. त्यासाठीच फळा आहे."

"मी पुसतो हां. सॉरी, पण पुसतो."

"पूस. मग तो कोपराही मंडळाला घे. मला परत नको."

पप्याचा हात डस्टरसकट हवेत राहिला. आत्याचं मत आजवर कोणी पुसलं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावरून इंदूताई उतरल्या आणि त्यांच्यामागून निनाद. तो रात्री आईकडेच राहिला होता. लोकांनी वाट दिली. इंदूताईंनी ओठ हलवत सावकाश सगळं वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. निनादने मात्र झटक्यात वाचलं आणि त्याचे कान लाल झाले.

"आत्या, तुला वाटतं मला माझी आई माहीत नाही?"

"तू लहान होतास रे. मी रोज ऐकत होते."

"तू खालून ऐकत होतीस. मी एका खोलीत होतो." त्याचा आवाज चिरकला. "आई स्टोव्ह पेटवायची, आठवतं तुला? रात्री सगळं आवरल्यावर. पंप मारमारून मोठा करायची. तो स्टोव्ह केवढा भणाणायचा! वर काहीच नसायचं, चहासुद्धा नाही. नुसता पेटता स्टोव्ह, आणि त्याच्यासमोर बसून ती रडायची. त्या आवाजात बाहेर ऐकू जात नव्हतं. झालं की स्टोव्ह बंद करायची, तोंड धुवायची आणि तुझ्याकडे हसायला यायची."

"निनाद, गप रव," इंदूताई म्हणाल्या.

"नाही आई. आत्या, तिच्या हसण्याचा मला राग यायचा. मला वाटायचं, हिला लोकांसमोर बरं हसू येतं. म्हणून ते मला सिनेमात घेताच आलं नाही. ती माझी चूक असेल. पण खोटी नाही माझी आई."

आत्या इंदूताईंकडे बघत होती. तिला तो स्टोव्ह आठवत होता, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. जगातल्या कुठल्याही आवाजातलं खोटं जिने ओळखलं असतं, तिने तो आवाज रोज ऐकला होता आणि त्याला स्टोव्ह समजून सोडून दिलं होतं.

"खरं, इंदू?"

"स्टोव्ह जुनो होतो, वन्सं," इंदूताई म्हणाल्या. "आवाज करी." आणि वळून जिना चढून गेल्या.

आत्याने पप्याच्या हातातलं डस्टर घेतलं. आम्हाला वाटलं, आता पुसणार. तिने ते खाली ठेवलं, खडू उचलला आणि मताच्या खाली, फळ्याच्या अगदी कडेला, वाकून लिहिलं: "वरील मत अर्धवट आहे. लिहिणारीने बाहेरून ऐकले होते. सिनेमा पाहावा." मग खडू पप्याच्या हातात दिला, निनादच्या गालावरून हात फिरवला आणि घरात गेली.

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, ऑफिसात तर रोजच पाहते. चुकल्यावर ती म्हणतात, माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला. भरल्या दारात, स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात, चुकल्याची पाटी लावणारी आत्या मी एकदाच पाहिली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला मिठी मारायला घरात धावले, तर ती स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "आत्ता नको."

दुपारी तिने साडी बदलली आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर, वर जाऊ." स्वतःच्याच चाळीत, एक मजला वर जायला तिला सोबत लागली. निनाद बाहेर गेला होता. इंदूताई टीव्हीसमोर लसूण सोलत होत्या, मालिका बारीक आवाजात चालू. आत्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. बराच वेळ दोघी लसूणच सोलत राहिल्या. मी दाराशी उभीच होते.

"मला हाक का नाही मारलीस गं?" आत्या म्हणाली. "एक जिना होता मध्ये."

"तुमका हाक मारली असती तर तुमी इल्या असत्यात."

"मग?"

"तुमी इल्यात काय माका हसाक येय," इंदूताई म्हणाल्या. "माझा रडणा रवला असता. आणि माका रडाचा होता, वन्सं. ता झाल्याशिवाय माका तुमच्याकडे येऊक जमत नाय होता."

आत्याच्या हातातली लसणाची पाकळी तिथेच राहिली. तिचे खांदे हलायला लागले. एवढे सिनेमे पाहिले आम्ही दोघींनी, तिला कधी साधं नाक ओढताना मी ऐकलं नव्हतं. आता तिला आवाज आवरेना. चाळीची दारं उघडी, समोरच्या गॅलरीत बायका वाळवण उलटत होत्या. इंदूताईंनी तिच्याकडे पाहिलं, मांडीवरची परडी खाली ठेवली, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, मालिकेतली सासू सगळ्या मजल्यावर ओरडायला लागेपर्यंत.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. शेजारची वहिनी डोकावली, म्हणाली, "अगंबाई, केवढा मोठा लावलाय! काय झालं काय?"

म्हटलं, "काही नाही. दोघींनाही हल्ली कमी ऐकू येतं."